उजेडाचं वेळापत्रक : कोल्हापूर परिसरात निसर्ग टिपताना

दरवर्षी ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात संध्याकाळी गर्दी उसळते. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांपर्यंत पोचतात, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. क्षितिजावर ढग किंवा धुरकं आडवं आलं, तर त्या दिवसाचा किरणोत्सव हुकतो. कोणत्या तारखेला सूर्य क्षितिजावर नेमका कुठे टेकतो, याचं भान या सोहळ्याच्या मुळाशी आहे.

मोबाइल किंवा कॅमेरा घेऊन बागेत, तळ्याकाठी, गडावर किंवा जंगलात निघणाऱ्यालाही हेच भान सगळ्यात आधी लागतं. कुठे जायचं हे बहुतेकजण ठरवतात. तिथे उजेड कधी आणि कोणत्या बाजूने येणार, हे फार थोडे पाहतात. घरी आल्यावर फोटो सपाट वाटतात आणि खापर फुटतं ते कॅमेऱ्यावर. खरं तर कोल्हापूरकराला तळं, नदी, पठार, किल्ला आणि सह्याद्रीचं दाट जंगल हे सगळं एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आहे. तेव्हा नवनव्या जागांमागे धावण्यापेक्षा जवळच्या दोन-तीन जागा धराव्यात आणि वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वेळी तिथे परत परत जावं. हात त्यानेच लवकर बसतो.

सूर्य मावळतो कुठे?

सूर्य रोज बरोबर पश्चिमेला मावळत नाही. कोल्हापूरच्या अक्षांशावर तो २२ डिसेंबरच्या सुमाराला पश्चिमेच्या दक्षिणेकडे जवळजवळ २५ अंश सरकलेला असतो आणि २१ जूनच्या सुमाराला तेवढाच उत्तरेकडे. म्हणजे वर्षभरात मावळतीची जागा सुमारे ५० अंशांनी हलते. हात समोर ताठ धरून मूठ वळली, की ती मूठ आकाशातले साधारण १० अंश झाकते; तेव्हा हा पट्टा पाच मुठींचा झाला. किरणोत्सवाचे दोन्ही कालखंड २२ डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे साधारण सहा आठवड्यांवर येतात, कारण त्या दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावरच्या त्याच जागी मावळत असतो.

याचा उपयोग अगदी रोजचा आहे. जानेवारीत एखाद्या झाडाच्या बरोब्बर मागे सूर्य बुडताना दिसला, तर मे महिन्यात त्याच जागी उभं राहून तसं चित्र मिळणार नाही. पण नोव्हेंबरात पुन्हा मिळेल. सूर्याची दिशा आधीच दाखवणारी अॅप मोबाइलवर मिळतात. ती नसली तर वहीत तारीख, जागा आणि दिशा लिहून ठेवली तरी भागतं.

वेळेचाही अंदाज हवा. कोल्हापुरात डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहानंतर लगेच मावळतो. जूनअखेर तो सहाच्या सुमाराला उगवतो आणि सातनंतर मावळतो. उगवतीनंतरचा आणि मावळतीआधीचा साधारण एक तास ऊन तिरपं, पिवळसर आणि मऊ असतं. सावल्या लांब पडतात, त्यामुळे बांध, चढउतार, दगडांचा खडबडीतपणा उठून दिसतो. भर दुपारी हेच ऊन डोक्यावरून पडतं आणि सगळं चपटं करून टाकतं. दुपारी फोटो काढूच नयेत असं मात्र नाही. गर्द झाडीतले कवडसे, उन्हाकडे धरलेल्या पानाच्या शिरा, ओढ्याच्या तळाचे गोटे यांना तेच ऊन लागतं.

रंकाळा : सरावाची जागा

शहरातल्या माणसाला सरावासाठी रंकाळ्यासारखी जागा नाही. पश्चिमेकडे उघडं पाणी, काठाला शालिनी पॅलेसची इमारत, पाण्यातला दगडी संध्यामठ आणि चौपाटीवरची माणसं असं सगळं एका फेरफटक्यात सापडतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की संध्यामठ जास्त उघडा पडतो आणि पावसाळ्यात बराचसा पाण्याखाली जातो. म्हणून ऋतूगणिक चित्र बदलतं.

इथे बहुतेकांचं एक चुकतं. सूर्य बुडाला की लोक मोबाइल खिशात घालून भेळेच्या गाडीकडे वळतात. खरे रंग पुष्कळदा त्यानंतर येतात. आपल्याकडे सूर्य क्षितिजाखाली झपकन उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो. पण तेवढ्या वेळात आभाळ केशरीतून गुलाबी, जांभळट आणि मग गडद निळं होतं. दिवेलागणीला काठावरचे दिवे लागतात आणि आभाळाचा उजेड व दिव्यांचा उजेड काही मिनिटं जवळपास सारखा होतो. त्या मिनिटांत मोबाइल कठड्यावर टेकवून, टायमर लावून काढलेला फोटो हातात धरून काढलेल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ येतो.

मोबाइलवर सूर्यास्त टिपताना पडद्यावर आभाळाच्या उजळ भागावर बोट टेकवून दाबून धरावं. बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो. मग बोट खाली ओढून चित्र थोडं गडद करावं. असं केलं नाही तर मोबाइल काठावरच्या काळोख्या झाडांना उजळवायला जातो आणि आभाळाचा रंग पांढरा पडतो. झाडं, मठ, माणसं काळ्या आकृत्या झाल्या तरी चालतील. फक्त त्यांच्या कडा एकमेकींत घुसू देऊ नयेत. दोन माणसांच्या मध्ये थोडं आभाळ दिसेल एवढं डावी-उजवीकडे सरकावं.

आणखी दोन साध्या गोष्टी. खिशातून काढलेल्या मोबाइलच्या भिंगावर बोटांचा तेलकटपणा असतो आणि त्यामुळे सूर्याभोवती मळकट पट्टे येतात. आधी सुती कापडाने भिंग पुसावं. पाण्यातला बगळा किंवा पाणकावळा जवळ आणण्यासाठी दोन बोटांनी झूम ताणू नये. एका मर्यादेनंतर मोबाइल चित्र कापून मोठं करतो आणि तपशील जातो. त्यापेक्षा पक्षी लहानच ठेवून त्याच्याभोवतीचं पाणी, लाटांची वळणं, प्रतिबिंब यांचं चित्र करावं.

चौकट चित्रकारांकडून शिकावी

कोल्हापूरला या बाबतीत मोठा वारसा आहे. शाहू महाराजांच्या दरबारी असलेले चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ असे याच गावाचे कोपरे रंगवले. बाबूराव पेंटर यांनी इथेच स्वदेशी सिने-कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. मुळात ते चित्रकारच होते. नट म्हणून गाजलेले चंद्रकांत मांडरे आयुष्यभर निसर्गचित्रं करत राहिले. राजारामपुरीत त्यांच्या नावाचं कलासंग्रहालय आहे. टाऊन हॉलमधल्या संग्रहालयातही कोल्हापुरातल्या चित्रकारांचं काम पाहायला मिळतं. फोटोग्राफीच्या शिकवण्या आणि व्हिडिओंआधी एक सकाळ या दोन ठिकाणी घालवावी.

तिथे काय पाहायचं? प्रत्येक निसर्गचित्रासमोर उभं राहून तीन प्रश्न विचारावेत. उजेड कोणत्या बाजूने आला आहे? क्षितिज चौकटीत किती वर किंवा किती खाली आहे? आणि नजर आधी कुठे जाते, मग कुठे सरकते? क्षितिज बरोबर मध्ये ठेवून चित्राचे दोन सारखे तुकडे करणं जाणता चित्रकार सहसा टाळतो. आभाळ बोलकं असेल तर त्याला जास्त जागा मिळते, जमीन बोलकी असेल तर जमिनीला. बहुतेक चांगल्या चित्रांत पुढे काहीतरी ठळक असतं, मध्ये मुख्य विषय आणि मागे फिकट होत गेलेलं अंतर.

हेच मोबाइलच्या पडद्यावर आणायला ग्रिड चालू करावी. दोन आडव्या रेघांपैकी एकीवर क्षितिज ठेवलं की ते तिरकं होत नाही आणि मध्यावरही येत नाही. पन्हाळ्याच्या तटावरून दरी टिपताना नुसती दरी घेतली तर फोटो रिकामा वाटतो. दोन पावलं मागे येऊन तटाचा दगड, त्यावरचं वाळकं गवत किंवा वाकलेली फांदी पुढे घेतली की दरीची खोली कळते.

असं पाहण्याच्या सरावासाठी टाऊन हॉलची बाग हाताशी आहे. तिथल्या जुन्या, मोठ्या झाडांखाली अर्धा तास एकाच झाडाला द्यावा: आधी पूर्ण झाड, मग खोड आणि फांद्यांची वळणं, मग सालीचा एक वीतभर तुकडा, शेवटी खाली पडलेलं एक पान. चार अंतरांवरून एकच झाड पाहण्याचा हा सराव पुढे जंगलात कामी येतो.

पांढरा बगळा, काळा गवा, राखाडी धुकं

कॅमेरा आणि मोबाइल दोघेही उजेड मोजतात, पण समोर काय आहे हे पुष्कळदा त्यांना नीट कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी असावं, अशा हिशेबाने ते चित्र उजळ किंवा गडद करतात. म्हणून धुक्याने भरलेली दरी मळकट राखाडी येते आणि गडद पाण्यावरचा पांढरा बगळा जळून पांढरा ठिपका होतो.

त्यावर उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यात ‘एक्सपोजर कॉम्पेन्सेशन’ची अधिक-उणेची खूण असते, मोबाइलवर तेच काम सूर्याच्या चिन्हाची पट्टी करते. चौकटभर धुकं किंवा पांढरी फुलं असतील तर अर्धा ते एक टप्पा अधिककडे न्यावं. चौकट गवा, ओला काळा कातळ किंवा गर्द सावली यांनी भरली असेल, तर तेवढंच उणेकडे. गव्याचं उदाहरण घेऊ. त्याचं अंग काळपट तपकिरी आणि गुडघ्याखालचे पाय मोजे घातल्यासारखे पांढरट. कॅमेऱ्याने अंग उजळवलं की पाय पांढरेफटक होतात आणि त्यांवरचा तपशील परत मिळत नाही. चित्र किंचित गडद ठेवलं तर अंगावरची चमक आणि पायांचा रंग दोन्ही राहतात. उरलेला काळोख नंतर संगणकावर किंवा मोबाइलवर उचलता येतो.

हिवाळा : तुरे, धुकं आणि गुऱ्हाळं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ नवशिक्यासाठी सगळ्यात उत्तम. हवा स्वच्छ, थंडी सुसह्य आणि सूर्य आकाशात खालून चालणारा.

पंचगंगेच्या काठी तांबडं फुटायच्या आधी पोचावं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती या पाच नावांनी ओळखली जाणारी ही नदी थंडीत पहाटे वाफ सोडते. पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्यामुळे पाण्यावर धुक्याचा पातळ थर तरंगतो. सूर्य वर आला की तो थर झपाट्याने विरतो. सूर्याकडे तोंड करून, पण सूर्य झाडाच्या किंवा घाटावरच्या दीपमाळेच्या आड ठेवून फोटो घेतला, तर धुकं पेटल्यासारखं उजळतं.

शहर सोडलं की दोन्ही बाजूंना ऊस. या दिवसांत बऱ्याच उसाला तुरे येतात, आणि दुपारभर कुणी त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही. उन्हं कलली की रस्त्याच्या पूर्वेच्या बाजूला उभं राहून, पश्चिमेकडे तोंड करून तुऱ्यांकडे पाहावं. मागून आलेला उजेड प्रत्येक तुऱ्याच्या बारीक रेशमी केसांत अडकतो आणि तुऱ्याची कड रुपेरी होते. त्यामागे सावलीतली झाडं किंवा डोंगराची काळी बाजू असेल अशी जागा निवडली, तर ही कड अधिकच उठते. वारा असेल तर शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या पुढे ठेवावा. मोबाइलवर एकामागून एक दहा-बारा फोटो घेऊन त्यांतला एक ठेवावा.

गुऱ्हाळघर हा याच हंगामाचा विषय. काहिलीतून उठणारी वाफ, चुलवाणातला जाळ आणि छपराच्या फटींतून आत आलेले उन्हाचे पट्टे सकाळी आठ-नऊच्या सुमाराला छान दिसतात. फ्लॅश लावला की हे सगळं मरतं. तो बंदच ठेवावा. तिथे हातघाईचं काम चाललेलं असतं, उकळता रस असतो. म्हणून आधी “मामा, फोटो काढू का?” असं विचारावं, सांगतील तिथेच उभं राहावं आणि नंतर फोटो त्यांच्या मोबाइलवर पाठवावा. घाटावर धुणं धुणाऱ्या किंवा स्नान करणाऱ्या माणसांचे फोटो न विचारता घेऊच नयेत.

पक्ष्यांसाठी कळंबा तलाव आणि शिवाजी विद्यापीठाजवळचा राजाराम तलाव ही ठिकाणं हिवाळ्यात पाहण्यासारखी असतात. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाचं आवार मोठं आणि झाडीचं आहे. सकाळी तिथे मोरही दिसतात. उडता पक्षी टिपायचा तर १/१००० सेकंदापेक्षा वेगवान शटर लागतं. सुरुवातीला मात्र बसलेल्या खंड्याचा किंवा पाण्यात उभ्या बगळ्याचा फोटो स्थिर हाताने यावा एवढं साधलं तरी पुरे. फोकस नेहमी डोळ्यावर. डोळा धूसर आणि पिसं स्पष्ट असा फोटो पाहताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

पन्हाळा जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. गडाच्या पूर्व कड्यावरची सज्जाकोठी सकाळसाठी आणि पश्चिमेच्या टोकाचा पुसाटी बुरूज संध्याकाळसाठी, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं. सज्जाकोठीकडून थंडीत खालच्या दरीत साचलेलं धुकं आणि त्यापलीकडे जोतिबाचा डोंगर दिसतो. संरक्षित स्मारकांवर तिपाई आणि ड्रोन यांना परवानगी लागते. ती आधी काढावी.

पठारावर गुडघे टेकून

पन्हाळ्याहून पुढे पावनखिंडीकडे जाणाऱ्या वाटेवर मसाई पठार लागतं. पावसाळा ओसरताना, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, त्यावर रानफुलांची दाटी होते. सातारा जिल्ह्यातलं कास पठार याच कारणासाठी जगभर माहीत झालं. तिथे दिवसाला किती माणसं सोडायची यावर मर्यादा घालावी लागली, ती माणसांच्या पायांमुळेच. जांभ्या कातळावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो. त्या थरात बी रुजतं, फुलतं आणि पुढच्या वर्षासाठी पुन्हा बी सोडतं. एक बूट पडला की ती जागा दबते.

म्हणून पठारावर पहिला नियम पायवाटेचा. वाटेच्या कडेला किंवा उघड्या कातळावर गुडघे टेकून, जमल्यास पोटावर झोपून, मोबाइल उलटा करून भिंग जमिनीलगत आणावं. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत फुलं गालिच्यावरच्या ठिपक्यांसारखी दिसतात. फुलाच्या उंचीवर उतरलं की प्रत्येकाला देठ, मान आणि मागे आभाळ मिळतं.

जवळून पाहायचं तर ‘सीतेची आसवं’ घ्यावीत. निळ्या-जांभळ्या रंगाचं हे नखाएवढं फूल बारीक ताठ देठावर झुलतं आणि खाली ओल्या मातीत त्याचे सूक्ष्म फुगे इवलेसे जीव पकडत असतात. दुसरं ‘दवबिंदू’. त्याच्या पानांवरच्या लाल केसांच्या टोकाशी चिकट थेंब असतो. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या थेंबात सूर्य लुकलुकतो आणि दवात भिजल्यासारखं दिसणारं ते पान एखादा किडा धरून बसलेलंही सापडतं. असा फोटो घेताना श्वास रोखून धरावा, वारा थांबेपर्यंत थांबावं आणि कॅमेऱ्यात भिंगाचं छिद्र एफ-८ च्या आसपास ठेवावं. म्हणजे पूर्ण फूल फोकसमध्ये येतं आणि मागचं सगळं विरघळतं. आभाळ ढगाळ असेल तर उत्तमच. ढगांतून गाळून आलेला उजेड पाकळ्यांवर कडक सावल्या पाडत नाही.

फुलावर पिचकारीने पाणी मारणं, आड येणारी शेजारची रोपं उपटणं, फूल खुडून चांगल्या उजेडात धरणं हे फोटोसाठी केलं जातं. ते करू नये. आड येणारं पातं एका हाताने हलकेच वाकवून धरावं आणि फोटो झाला की सोडून द्यावं.

पावसात

गगनबावडा, राधानगरी आणि खाली आंबोली हा पट्टा पावसाळ्यात अखंड भिजलेला असतो. कॅमेऱ्यासाठी साधी व्यवस्था करावी: जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिला भिंगाएवढं भोक, रबरबँड, दोन-तीन कोरडे सुती रुमाल आणि छत्री धरायला सोबती. मोटारीत एसी चालू असेल तर बाहेर पडताच भिंगावर वाफ धरते. पोचायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एसी बंद करून काचा उघडाव्यात.

पावसाळी हिरवा रंग फोटोत निस्तेज येतो, कारण ओल्या पानांवर आभाळाची चमक असते. भिंगापुढे पोलरायझर लावून फिरवला की ती चमक उतरते आणि पानांचा खरा रंग वर येतो. धबधब्याचं पाणी रेशमासारखं वाहतं दाखवायचं तर पाव ते एक सेकंद शटर उघडं ठेवावं; त्यासाठी तिपाई हवीच. बऱ्याच मोबाइलमध्ये आता ‘लाँग एक्सपोजर’ची सोय असते. पाण्याचा जोर दाखवायचा असेल तर उलट १/१००० सेकंदाला थेंब हवेत गोठवावेत. शेवाळलेल्या कातळावर, धबधब्याच्या माथ्यावर किंवा घाटातल्या कठड्याबाहेर पाऊल टाकू नये. वर डोंगरात पाऊस झाला की राऊतवाडीसारख्या धबधब्यांचं पाणी बघता बघता वाढतं. प्रशासनाने एखादी जागा बंद केली असेल तर परत फिरावं.

आंबोलीच्या रात्रीच्या फेरीत झाडावरचे बेडूक आणि चापडा साप दिसतात. त्यांना काडीने हलवून किंवा उचलून ‘चांगल्या’ फांदीवर ठेवण्याचा प्रकार काही जण करतात. सापाच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो आणि बेडकाच्या ओलसर त्वचेला हाताळणं सोसत नाही. तिथेच हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या पाण्यात सापडलेल्या माशाची नवी जात २०२० मध्ये जगापुढे आली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. चमचाभर पाण्यातही काय असेल हे सांगता येत नाही, म्हणून ओढ्यात उतरून दगड उलथू नयेत.

परतल्यावर कॅमेरा पुसून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बॅगेत पडून राहिलेल्या भिंगावर बुरशीची जाळी धरते आणि ती काढणं खर्चिक पडतं. आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरावा.

दाजीपूरच्या जंगलात

१९५८ मध्ये दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून सुरू झालेलं आजचं राधानगरी अभयारण्य हे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. १९८५ मध्ये त्याचा विस्तार झाला आणि क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर झालं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. उघडण्याची तारीख, वेळा आणि वाहनांचे नियम दरवेळी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावेत.

जंगल उघडलं की गवे पाहायला सावराई सड्यासारख्या मोकळ्या जागा बऱ्या. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना कळप चरायला बाहेर येतात. गाडी थांबवून इंजिन बंद करावं, कारण चालू इंजिनाची थरथर फोटोत उतरते. कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ किंवा राजमा भरून ती खिडकीच्या काचेवर ठेवावी आणि लांब भिंग तिच्यात रोवावं. तिपाईपेक्षा हे गाडीत जास्त सोयीचं.

गव्याचा मोठा नर टनभर वजनाचा असू शकतो. एकटा नर किंवा पिल्लासोबतची मादी यांच्यापासून लांबच राहावं. गाडीतून उतरू नये, हॉर्न वाजवू नये, कळप आणि जंगलाच्या मध्ये गाडी आडवी घालू नये. गव्याने मान उंचावून एकटक पाहायला सुरुवात केली की आपण जास्त जवळ गेलो असं समजावं. गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आल्याच्या घटना घडल्या आहेत. तिथे मोबाइल उंचावून त्यांच्यामागे धावणारी गर्दीच जनावराला बिथरवते आणि माणसांना धोक्यात घालते. गावाजवळ गवा दिसला तर फोटोआधी वनखात्याला कळवावं.

जंगलात मोठा प्राणी दिसेलच असं नसतं. म्हणून चिखलातला खूर, झाडावर नखांनी ओढलेल्या रेघा, कोळ्याच्या जाळ्यावरचं दव, धनेश बसतो ते उंच फळझाड यांकडेही भिंग वळवावं. पक्ष्याचं घरटं सापडलं तर मात्र तिथे थांबूच नये. माणूस जवळ घुटमळला की पक्षी घरट्यावर यायचं टाळतात आणि अंडी किंवा पिल्लं उघडी पडतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणंही तितकंच वाईट. विणीच्या दिवसांत तो आपली हद्द राखायला हकनाक धडपडत राहतो.

काजव्यांची रात्र

मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत राधानगरी परिसरात काजवे पाहायला लोक येतात. नर उडत किंवा झाडावर बसून ठरावीक लयीत चमकतात आणि माद्या त्यांना उत्तर देतात. विजेरी, गाडीचे दिवे, मोबाइलचा फ्लॅश यांनी हा संवाद तुटतो. त्यामुळे फ्लॅश पूर्ण बंद ठेवावा आणि चालण्यापुरता उजेड लागला तर विजेरीवर लाल कागद लावून तो पायाशीच धरावा.

फोटोची तयारी उजेड असतानाच करावी. तिपाई रोवावी, झाडावर फोकस साधून तो ‘मॅन्युअल’वर पक्का करावा. अंधार पडल्यावर छिद्र जास्तीत जास्त उघडं, आयएसओ १६०० ते ३२०० आणि शटर २० ते ३० सेकंद. एका फोटोत थोडेच ठिपके येतात; मासिकांत दिसणारी झगमगती झाडं पुष्कळदा असे अनेक फोटो एकावर एक चढवून केलेली असतात. तसं केलं असेल तर फोटो दाखवताना ते सांगावं. मोबाइलवाल्यांनी ‘नाइट मोड’ आणि भक्कम टेकू वापरून पाहावा. चित्र जमलं नाही तर मोबाइल ठेवून द्यावा, कारण पडद्याचा उजेडही इतरांच्या डोळ्यांवर येतो.

घरी आल्यावर

परतल्याच दिवशी फोटो पाहून निम्म्याहून जास्त काढून टाकावेत. एकाच दृश्याचे वीस फोटो ठेवले की चांगला फोटो त्या गर्दीत हरवतो. उरलेल्यांत क्षितिज सरळ करणं, कडेची नको असलेली फांदी कापणं, उजेड-काळोख थोडा सावरणं एवढं संपादन पुरतं. रंगांची पट्टी शेवटपर्यंत ओढली की रंकाळ्याचा सूर्यास्त कुठल्याही गावचा होऊन जातो. रंकाळ्यात जलपर्णी पसरली असेल, काठावर कचरा असेल तर तेही टिपावं. तीन वर्षांचे असे फोटो तारखेसह एकत्र केले, तर तळ्याचं काय होत आहे हे महापालिकेपुढे आणि शाळांतल्या मुलांपुढे ठेवता येतं.

प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ, जागा आणि ओळखता आलं तर नाव लिहून ठेवावं. पक्ष्यांच्या नोंदी ‘ई-बर्ड’वर आणि वनस्पती, फुलपाखरं, बेडूक यांच्या नोंदी ‘आयनॅचरलिस्ट’ किंवा ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’वर टाकता येतात. तिथले जाणकार ओळख पटवायला मदत करतात आणि ती नोंद अभ्यासकांच्या कामी येते. दुर्मीळ आमरी किंवा कंदीलपुष्प सापडलं असेल तर समाजमाध्यमांवर टाकण्याआधी मोबाइलमधली स्थानाची माहिती काढून टाकावी आणि नेमकी जागा लिहू नये. अशा झाडांचे कंद उकरून नेणारे असतात. नेमकं ठिकाण सांगायचं ते वनखात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागाला.